खांद्याचं माप

चौदाव्या वर्षापासून मी पोक काढून चालते. अंग भरलेलं, म्हणून अम्मी माझ्यासाठी दोन मापं मोठा ड्रेस घ्यायची. खांदे दंडावर ओघळायचे, कापड छातीवरून तंबूसारखं सरळ खाली लोंबायचं. झाकलं जाणं दूरच, मी दुप्पट जाड दिसायचे.

परवा मुलगी कॉलेजला निघाली, बॅग छातीशी कवटाळून. तेच पोक! तिला घेऊन थेट खालांकडे गेले. खाला चाळीस वर्षं शिवणकाम करतात. त्यांनी आधी खांद्याचं माप घेतलं, मग छातीचं, मग छातीखालचं. "ड्रेस खांद्यावर बसला पाहिजे, बेटी. घेर नंतर हवा तेवढा सोडू." बाजूचे टक्स उभाराच्या इंचभर अलीकडेच थांबवले. कडक कॉटन नको म्हणाल्या, मऊ पडेल असं कापड निवडलं. छातीवरची झालर रद्द. कंबरेला किंचित आकार, बाकी सैलच. (ओढणी जॉर्जेटची नको, सारखी घसरते, हे माझं मत.)

ईदला तो ड्रेस घालून ती आरशासमोर उभी राहिली. ओढणी सावरली आणि हात खाली सोडले.

अम्मी पलंगावरून बघत होती. थोड्या वेळाने मला म्हणाली, "तूही एक शिवून घे गं."