महाडचा मुक्काम

कोकणातला तांबडा विंचू तांबड्या मातीत विरघळूनच जातो. जांभ्याच्या फटीत, पेंढ्याच्या उडवीत, पावसाळ्याच्या बेगमीला रचलेल्या लाकडांखाली, ओटीवर काढून ठेवलेल्या वहाणेत. पेंढ्यात हात घालण्याआधी काठीने चाळवावं, वहाण पायात सरकवण्याआधी झटकावी, हे इथल्या पोरांना चालायला लागल्यापासून शिकवतात. तरी तो डसतोच. पूर्वी मग भगत यायचा, मंत्र व्हायचे, कसलासा पाला चोळला जायचा, आणि रात्र उलटून जायला लागली की माणसं डोली उचलून दवाखान्याची वाट धरायची.

१९७६ साली हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. मूळचे ते जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. मिळेल ते काम करत शिकले आणि नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले. आपल्या त्या दिवसांची कहाणी त्यांनी पुढे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात लिहिली. कोरडवाहू मुलखातला हा तरुण धो धो पावसाच्या मुलखात उतरला, आणि त्याच्यापुढे खाटेवर येऊ लागली ती विंचू डसलेली माणसं. धडधाकट शेतकरी, शाळकरी मुलं. अंग घामाने निथळणारं, हातपाय गारठलेले, उलट्या थांबत नाहीत. काही तासांनी धाप लागायची, तोंडाला गुलाबी फेस यायचा. अशी अत्यवस्थ झालेली माणसं शंभरात तीसएक तरी दगावत. जी औषधं तेव्हा हाताशी होती ती देऊनही.

मला या डॉक्टरांबद्दल सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट: ते खाटेशेजारी बसून राहिले. रात्रभर नाडी, रक्तदाब, घाम, श्वास टिपत राहिले. हृदयाची चढउतार लिहीत गेले. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात असा रोगी क्वचितच पोचायचा. पोचलाच तर अखेरच्या घटका मोजत. सुरुवातीचे तास तिथे कुणाला दिसणार? ते तास बिरवाडीत दिसत होते. विषामुळे मज्जातंतू बेफाम सुटतात, ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, त्या आवळलेल्या वाटांतून रक्त रेटता रेटता हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. या साऱ्याची क्रमवार नोंद एका खेड्यातल्या डॉक्टरच्या वहीत होत होती. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्या निरीक्षणांवरचा त्यांचा निबंध छापला.

त्यांच्या लेखनातलं एक निरीक्षण माझ्या मनातून जात नाही. विंचू डसल्या जागी असह्य ठणका लागला की घरचे घाबरतात. पण नुसताच ठणका असेल, तर तो माणूस बहुधा वाचणार असतो. ज्याला फारसं दुखत नाही आणि घाम मात्र फुटलाय, त्याच्यापाशी बसायचं. आणि औषध लागू पडून घाम आटला, की डसल्या जागी पुन्हा ठणका सुरू होतो. दुखणं परत येणं ही तिथे शुभवार्ता! हे कळायला रोगी पहिल्या तासापासून पहाटेपर्यंत डोळ्यांपुढे असावा लागतो, आणि त्यासाठी डॉक्टरने त्याच गावात मुक्काम ठोकलेला असावा लागतो.

मधल्या काळात ते एम. डी. करायला पुण्याला गेले. तिथून शहराची वाट सरळ होती. ते परत फिरले, पोलादपूरला आणि मग महाडला. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची एक स्वस्त गोळी होती. आवळलेल्या रक्तवाहिन्या ती सैल करते. तीच त्यांनी विंचूदंशाला दिली. तिच्याविषयीचा निबंध १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हा त्यावर दोन नावं होती: हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी, डॉ. प्रमोदिनी. मृत्यूचं प्रमाण पुढे शंभरात एकाच्या आसपास उतरलं. गोळी तोंडाने द्यायची; वीज गेलेली असो, नर्स एकटी असो, आडगावातही देता यायची.

लहान गावातल्या डॉक्टरचा संसार म्हणजे काय, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना त्या दुसऱ्या नावाचं मोल कळेल. रात्री-बेरात्री दार वाजतं, ताटावरून उठावं लागतं, लग्नकार्यात मधूनच गाडी परत फिरते. अशा घरात बायकोला एक तर वाट पाहत बसावं लागतं, नाहीतर सोबत उठावं लागतं. प्रमोदिनीबाई सोबत उठल्या, आणि त्यांचं उठणं छापील अक्षरांत नोंदलं गेलं. आपल्याकडे अशा किती जणींचं काम नवऱ्याच्या पाटीखाली झाकून गेलं असेल! हे एक नाव झाकलं गेलं नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

२०१३ साली एका तपासणी केंद्राकडून रोगी पाठवल्याबद्दल बाराशे रुपयांचा धनादेश त्यांच्याकडे आला. तो त्यांनी परत केला आणि वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कुणी न बोलणारी कट प्रॅक्टिस त्या बाराशे रुपयांमुळे चव्हाट्यावर आली. ज्या गावात रोगी भाजीबाजारातही भेटतो, त्याच्या तपासणीवर दलाली घेऊन उद्या त्याच्या डोळ्याला डोळा कसा देणार? २०२२ साली पद्मश्री मिळाली. ती योग्यच होती. पण मला तो परत गेलेला धनादेश जास्त जवळचा वाटतो.

तितकाच जवळचा वाटतो २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला त्यांचा निबंध. विंचवावरची प्रतिलस आली होती. प्राझोसिनच्या जोडीला ती दिली तर काही फरक पडतो का, हे ७० रुग्णांवर तपासलं. दोन्ही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसत्या गोळीवर ठेवलेल्या ३५ पैकी ८. ज्या गोळीने त्यांचं नाव जगभर झालं, ती एकटी देण्यापेक्षा जोडीला प्रतिलस दिली तर माणूस लवकर सावरतो, हे त्यांनी स्वतःच आकड्यांनिशी लिहून दिलं. त्या निबंधावरही नावं दोनच आहेत, नवऱ्याचं आणि बायकोचं.