शेकडा कशाचा?

गणित आणि विज्ञान यांची खासगी शिकवणी हा माझा उत्तरायुष्यातील व्यवसाय. तत्पूर्वीची उमेदीची वर्षे तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत, ब्युरेटवरील रेषा न्याहाळण्यात खर्ची पडली. अध्यापनाची पदवी मजपाशी नाही, आणि नावड्यातील पालकांनी तिचा दाखला कधी मागितलाही नाही. परंतु लागोपाठची वाचने परस्परांशी जुळल्याखेरीज नोंदवहीत आकडा चढवायचा नाही आणि एकक नसलेला आकडा बेवारस समजायचा, ही जी तालीम तेथे मिळाली, तिच्याच भांडवलावर माझे हे अध्यापन चालले आहे.

दिवा-पनवेल लोहमार्गावरच्या या गावात सिडकोच्या इमारतींतील नोकरदारांची, कामगारांची आणि मूळच्या शेतकऱ्यांची मुले माझ्याकडे एकाच सतरंजीवर बसतात. यांतील भूमिपुत्रांच्या घरी सातबारा, संपादन, मोबदला हे शब्द पाढ्यांच्याही आधी कानी पडलेले असतात. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जो लढा झाला, ज्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि ज्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले, तो त्यांना आजोबांच्या तोंडून ठाऊक असतो. म्हणून शेकडेवारी शिकविताना पाठ्यपुस्तकातील नफा-तोटावाल्या दुकानदारास मी रजा देतो आणि एक एकर जमीन घेतो. एकराचे गुंठे ४०. साडेबारा टक्के म्हणजे अष्टमांश, अर्थात ५ गुंठे. त्यांतून रस्ते व सार्वजनिक सुविधांसाठी ३० टक्के वजा. येथे बहुतेक मुले वहीत साडेबारातून तीस वजा करावयास निघतात आणि थबकतात. मी मुद्दाम गप्प राहतो. कोणीतरी अखेर विचारतो, “सर, तीस टक्के कशाचे?” हा प्रश्न मुलाच्या तोंडून येईपर्यंत मी सूत्र सांगत नाही, मग त्यात अख्खी संध्याकाळ गेली तरी बेहत्तर. पाचातून दीड गेले, हाती साडेतीन गुंठे, म्हणजे मूळ जमिनीच्या पावणेनऊ टक्के! घरोघरी साडेबाराचा उच्चार होत असता हा दुसरा आकडा ऐकून मुले चकित होतात. मग सुतळी घेऊन मोकळ्या जागेत ३३ फूट बाजूचा चौरस आखून गुंठा केवढा असतो ते आम्ही पाहतो.

विज्ञानातही हाच खाक्या. सामू सातावरून सहावर आला की ‘एकानेच उतरला’ असे उत्तर येते. हायड्रोजन आयनांचे प्रमाण दसपट झाले हे उमगल्यावर शेजारून वाहणाऱ्या कासाडी नदीविषयीचे प्रश्न न विचारता येऊ लागतात.

देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिकविणारे द. रा. कापरेकर हे या धंद्यातील माझे दैवत. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी (चारही अंक एकच नसावेत), अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढता क्रम वजा करावा, आणि असे करीत गेल्यास सात खेपांच्या आत ६१७४ हाती यावी, हा त्यांचा शोध पालकांना वेळेचा अपव्यय वाटतो. गृहपाठातील वजाबाक्यांना कुरकुरणारा मुलगा त्यापायी पानेच्या पाने भरतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

तथापि फेब्रुवारी उजाडला की मीही घड्याळ समोर ठेवून बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतो. फी त्याचीच मिळते, आणि त्यात मला यत्किंचितही कमीपणा वाटत नाही.