सिम्पसन, चिमणराव आणि आमचा टांगा

यंदाच्या दिवाळीत चार दिवस राहात्याला गेलो होतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवून आडवे झालेले. आमची इरा (वय वर्षे ११) टॅबवर काहीतरी बघत एकटीच खिदळत होती. आई चष्मा लावून तिच्या मागे जाऊन उभी राहिली. थोडा वेळ बघितलं आणि काळजीने म्हणाली, "ह्या सगळ्यांना कावीळ झालीये का गं?"

'द सिम्पसन्स' या जगप्रसिद्ध मालिकेचं इतकं नेमकं परीक्षण मी आजवर वाचलेलं नाही. :)

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही अमेरिकन कार्टून मालिका. १७ डिसेंबर १९८९ ला पहिला भाग लागला आणि अजून चालूच आहे. साडेसातशेच्या वर भाग झाले. बाप होमर, अणुवीज केंद्रात नोकरीला, आळशी, खादाड, डोक्याने यथातथा. आई मार्ज, निळ्या केसांचा उंच मनोरा बांधणारी. मुलगा बार्ट उपद्व्यापी, मुलगी लिसा हुशार, आणि धाकटी मॅगी तोंडात चोखणी घालून बसलेली. कर्ता मॅट ग्रेनिंग. त्याने आपल्या स्वतःच्या आईवडिलांची आणि दोन बहिणींची नावं सरळ या पात्रांना देऊन टाकली. स्वतःच्या जागी मात्र बार्ट घातला. आपल्याकडे असं केलं असतं तर दिवाळीला घरात घेतलं नसतं.

या कुटुंबाला तिकडे 'डिसफंक्शनल' म्हणतात. आता आमच्या धंद्यात फंक्शन म्हणजे काय, तर इनपुट घ्यायचं आणि आउटपुट द्यायचं. राहात्यात मात्र फंक्शन म्हणजे साखरपुडा. त्या हिशेबाने डिसफंक्शनल म्हणजे मोडलेला साखरपुडा झाला. बरोबर मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

माझी आणि सिम्पसनांची गाठ पडली २००५ साली. कंपनीने न्यू जर्सीला पाठवलं होतं. एका फ्लॅटमध्ये चार जण, एक सोफा आणि आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला टीव्ही. रविवारी रात्री आठला सिम्पसन लागायचं. पहिल्या वर्षीचा एक भाग मी तिथे जुन्या भागांमध्ये पाहिला. होमरला आपल्या कुटुंबाची लाज वाटते म्हणून तो घरातला टीव्ही गहाण टाकून सगळ्यांना समुपदेशनाला नेतो. तिथला डॉक्टर प्रत्येकाच्या हातात बटण देतो. दुसऱ्याचा राग आला की दाबायचं, म्हणजे त्याला विजेचा झटका बसेल. हे लोक एकमेकांना इतके झटके देतात की सगळ्या गावाचे दिवे मंद होतात. डॉक्टर हात टेकतो, दुप्पट पैसे परत देतो आणि मंडळी आनंदाने नवा टीव्ही घ्यायला जातात.

तेव्हा कॉलिंग कार्ड खरवडून घरी फोन करायचो. अण्णांना ही गोष्ट सांगितली. गावात त्या दिवसांत भारनियमनाने जीव नकोसा केला होता. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे तिकडं बी लोडशेडिंग आहेच का?"

मग म्हणाले, "अरे, हा तर आपला चिमणराव!"

आणि खरंच की! चि. वि. जोशींचे चिमणराव. चि. वि. (१८९२-१९६३) हे पाली भाषेचे विद्वान, बडोद्याला प्राध्यापक. एवढ्या गंभीर विषयाचा माणूस, आणि लिहिलं काय, तर एका भित्र्या, बावळट, पण स्वतःला शहाणा समजणाऱ्या कारकुनाची फजिती. चिमणरावांची बायको काऊ, मुलं मोरू, मैना, राघू. घर कसलं, पक्ष्यांचं थवंच ते! जोडीला धिप्पाड गुंड्याभाऊ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घराघरात नेली. अर्थात ज्या घरात टीव्ही होता त्या घरात. आमच्याकडे नव्हता. आमच्याकडे अण्णा होते. वाचनालयातून पुस्तक आणायचे आणि रात्री आम्हा तिघा भावंडांना मोठ्याने वाचून दाखवायचे. दाखवायचे म्हणजे काय, दोन ओळी वाचल्या की स्वतःच इतके हसत सुटायचे की तिसरी ओळ कधी आलीच नाही. चिमणरावांच्या कित्येक गोष्टींचा शेवट मला मोठेपणी कळला.

अण्णाही कारकूनच. शिवाय दीड एकर पेरूची बाग. राहात्याचे पेरू प्रसिद्ध आहेत, पण आमची बाग प्रसिद्ध नव्हती. त्यामुळे अण्णांच्या डोक्यात कायम जोडधंदा. त्यातलाच एक म्हणजे टांगा.

साल १९९१. राहाता ते शिर्डी अंतर पाच-सहा किलोमीटर, नगर-मनमाड रस्त्यावर. भाविक येतात, त्यांना वाहन लागतं, टांग्याला डिझेल लागत नाही. हिशेब चोख होता. अण्णांनी एका पतसंस्थेतून साडेनऊ हजार काढले आणि एका संध्याकाळी पांढराशुभ्र घोडा आणि रंगवलेला टांगा घेऊन दारात हजर. चालवायला गल्लीतला एक पोरगा ठेवला. घोड्याचं नाव राजा. आम्ही पोरं हवेत.

राजाबद्दल एक गोष्ट विकणाऱ्याने सांगितली नव्हती. तो टांग्याचा घोडा नव्हताच. तो वरातीत नाचणारा घोडा होता.

पहिले आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी सुरतेचं एक कुटुंब टांग्यात बसलेलं, आणि नगरकडून बँड वाजवत एक पायी पालखी आली. राजाने कान टवकारले. मग पुढचा डावा पाय उचलला, मग उजवा. मग मान डोलवत जागच्या जागी ठेका धरला. मागे टांगा वर-खाली, वर-खाली. आतली आजीबाई हात जोडून बाबांचा धावा करायला लागली. उतरल्यावर तिने हा चमत्कार आहे असं जाहीर करून घोड्याला अकरा रुपये वाहिले. टांग्याची त्या दिवसाची सगळ्यात मोठी कमाई तीच.

पुढे लग्नसराई आली. मग काय विचारता! बँड वाजला रे वाजला की राजा रस्ता सोडून तिकडे. एकदा तर तीन भाविकांसकट थेट एका लग्नाच्या मांडवात जाऊन उभा राहिला. यजमान भले, त्यांनी तिघांना जेवूनच पाठवलं. अडीच महिन्यांनी टांगा नाल्यात गेला, चाक मोडलं आणि धंदा बुडाला. घोडा तीन हजारांत एका बँडवाल्याने नेला. तिथे त्याचं बरं झालं असावं.

हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक कार्यात सांगितला जातो. आधी अण्णाच सांगायचे, घोड्याच्या नाचासकट. २०१८ साली अण्णा गेले. तेव्हापासून मी सांगतो. यंदा भाऊबीजेलाही सांगितला. सगळे पोट धरून हसले. नाच मला अण्णांइतका जमत नाही, पण असो.

हसणं ओसरल्यावर इराने विचारलं, "पण बाबा, लोन कोणी फेडलं?"

तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षांत हा प्रश्न घरात कोणी विचारला नव्हता. मी तर नाहीच. रोज दहा ठिकाणी 'हे कुठून येतं, कुठे जातं' बघून पोट भरणारा माणूस मी. साडेनऊ वजा तीन बरोबर साडेसहा हजार, शिवाय व्याज. १९९१ साली, कारकुनाच्या पगारात. मी आईकडे बघितलं. आई "चहा टाकते" म्हणून उठली.

मी मागोमाग स्वयंपाकघरात गेलो.

आता इथे एक सांगायला हवं. आमच्या लहानपणी थंडी पडली की आईची भक्ती वाढायची. कार्तिकात पहाटेची काकडआरती असते, त्यामुळे साडेचारला उठून ती देवळात जायची. कार्तिक संपला तरी जायची. पार संक्रांतीपर्यंत. येताना प्रसाद म्हणून पदरात दोन-तीन पेरू आणायची. थोडे दबलेले, पण गोड. आम्हाला वाटायचं, या देवाला पेरूच आवडतात.

"काकडा कुठला रे," आई गॅसकडे बघत म्हणाली. "दुसऱ्याच्या बागेत जायची. पेरू तोडायचे, निवडायचे, खोक्यात भरायचे. उजाडायच्या आत गाडी निघायची. तुम्ही उठायच्या आत मी घरी. चार सीझन गेले. त्यात सगळं नाही फिटलं, पण बरंच फिटलं. माझ्या पाटल्या होत्या, त्या आधीच गेल्या होत्या."

मला काय बोलावं कळेना. इतकी वर्षं ज्या गोष्टीवर टाळ्या घेतल्या, तिचा निम्मा भाग मला माहीतच नव्हता. जरा चिडूनच विचारलं, "आणि अण्णांना चालायचं हे?"

"त्यांना काय चालतंय? तेच सायकलवर सोडायला यायचे. बॅटरी घेऊन. मग उजाडेपर्यंत तेही खोकी बांधू लागायचे. तिथंच सांगायचे घोड्याची गोष्ट, सगळ्या बायांना. नाच करून दाखवायचे. थंडीत हात चालत नसत, पण बाया हसून हसून..." आणि आई स्वतःच हसायला लागली.

म्हणजे अण्णांनी तो किस्सा पहिल्यांदा सांगितला तो कुठल्या लग्नकार्यात नव्हे. पहाटे पाचला, पेरूच्या बागेत.

१९९२ च्या जानेवारीत अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश एका भाषणात म्हणाले होते की अमेरिकन कुटुंबं सिम्पसनांसारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त व्हायला हवीत. 'द वॉल्टन्स' ही मंदीच्या काळातल्या एका सद्गुणी कुटुंबाची जुनी मालिका. सिम्पसनवाल्यांनी त्याच आठवड्यात बार्टच्या तोंडून उत्तर दिलं, की आम्हीही त्यांच्यासारखेच आहोत, मंदी संपायची वाट बघतोय. २००५ मध्ये हे वाचून मला नुसतं हसू आलं होतं. त्या मंदीकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

बार्ट १९८९ साली दहा वर्षांचा होता, आजही दहाचाच आहे. दर भागाच्या सुरुवातीला सगळं जसंच्या तसं, आमचा सर्व्हर रिस्टार्ट केल्यासारखं. होमरच्या उसनवारीचा हप्ता पुढच्या भागात येत नाही. आमच्याकडे आला. मला डिसफंक्शनल म्हणायचंच असेल तर ते मी स्वतःला म्हणेन. घरातलं फंक्शन व्यवस्थित चालू होतं, मी फक्त आउटपुट बघत होतो. पेरू खात होतो.

ता.क. - निघायच्या आदल्या रात्री इराने आजीला सिम्पसनचा तो पहिला भाग दाखवला. मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. नाताळच्या खरेदीसाठी मार्जने वर्षभर साठवलेले पैसे एका बरणीत असतात आणि बरणी तिच्या केसांच्या मनोऱ्यात लपवलेली असते. बार्टच्या एका उपद्व्यापापायी ते सगळे पैसे जातात. होमरचा बोनस बुडालेला असतो. तो काहीतरी करून पैसे मिळवायला जातो, कुत्र्यांच्या शर्यतीत तेही घालवतो आणि हरलेला कुत्राच घरी घेऊन येतो. घरचे सगळे खूश.

आईने शेवटपर्यंत बघितलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाली, "मी डाळीच्या डब्यात ठेवायची. हिने तर पार डोक्यात ठेवले होते. तरी राहिले नाहीत बघ."