खामगावच्या गाठी जिथे सुटल्या

वाचकहो, जलंबला उतरून खामगावच्या फाट्यावरची छोटी आगगाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी धरली असेल. जेमतेम तेरा किलोमीटरचा तो रूळ. पण १८७० साली त्याच्या उद्घाटनाला कोण आले होते, ठाऊक आहे? खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो! एवढ्या मोठ्या साहेबाने एवढ्याशा रुळासाठी वऱ्हाडात का यावे? कारण एकच, कापूस.

आमचे आजोबा सांगत, "आपला कापूस खामगावच्या बाजारात, तिथून मुंबईला, अन् मुंबईहून बोटीने मँचेस्टरला." मँचेस्टर हे गाव आहे की गिरणी, हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही. पुढे माझा पुतण्या इंग्लंडात नोकरीला लागला. त्याने तिकीट पाठवले आणि म्हणाला, "काका, पऱ्हाटीला बोंडे धरली की निघा, वेचणीच्या आत परत जाल." अशा रीतीने सप्टेंबर महिन्यात मी त्या मँचेस्टरात जाऊन पोचलो. पुतण्या आणि सूनबाई सकाळीच कामावर जात. मग तीन दिवस मी एकटाच शहर पाहत हिंडलो. ते तुम्हाला सांगतो.

आधी उपयोगाच्या चार गोष्टी. शहराच्या मध्यभागी फिरायला फुकट बस आहे. मोठी संग्रहालयेही फुकट पाहता येतात. पाऊस मात्र केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून छत्री विसरू नये. पहिल्याच दिवशी मी उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो आणि भलतीकडेच उतरलो. एका म्हाताऱ्या बाईंना पुतण्याने लिहून दिलेला कागद दाखवला, तर त्या भर पावसात दोन चौक माझ्याबरोबर चालत आल्या. मोडकेतोडके इंग्रजी आणि खिशातला पत्ता, एवढ्यावर माणसाचे काम भागते. जेवणाचे म्हणाल तर दुपारी सोबत नेलेली चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, आणि रात्री घरी सूनबाईंच्या हातचे पिठले.

पहिला दिवस विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात गेला. १८३० साली मँचेस्टर आणि लिव्हरपूल या दोन शहरांत आगगाडी सुरू झाली, तिच्या जुन्या स्टेशनाच्या आवारातच हे संग्रहालय आहे. कापूस बोटीने लिव्हरपूल बंदरात उतरे आणि तिथून इकडे येई. आत रुई पिंजण्याची, सूत कातण्याची आणि कापड विणण्याची जुनी यंत्रे ठेवली आहेत आणि त्यांतली काही चालवून दाखवतात. एकच माग सुरू झाला तरी कानठळ्या बसतात, मग शेकडो मागांच्या दालनात काय होत असेल! तिथल्या बाया एकमेकींचे ओठ वाचून बोलत, कारण शब्द ऐकूच येत नसे.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. सूत कातण्याचे यंत्र मागे-पुढे सरकत असताना त्याखाली पडलेला कापूस गोळा करायला लहान मुले रांगत जात. मोठे माणूस तिथे मावत नसे. वाचकहो, मला आपली वावरे आठवली. वेचणीच्या दिवसांत शाळेच्या हजेरीपटावर किती मुलांची गैरहजेरी लागते, ते तुम्ही जाणताच.

संग्रहालयातून निघून मी अँकोट्स नावाच्या भागात गेलो. तिथे १७९८ साली सुरू झालेली मरे बंधूंची गिरणी उभी आहे. लाल विटांची अनेक मजली इमारत. आता तिच्यात लोकांची राहती घरे आहेत. खिडकीत फुलांच्या कुंड्या ठेवलेल्या पाहिल्या. शहरात जिथे तिथे, अगदी कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा, मधमाशीचे चित्र दिसते. कष्टाची खूण म्हणून या गावाने ती मिरवली आहे.

दुसऱ्या दिवशी लिंकन चौकात गेलो. अमेरिकेच्या अब्राहम लिंकनचा पुतळा इंग्लंडात कशासाठी, असा प्रश्न मलाही पडला. चौथऱ्यावरचा मजकूर उतरवून घेतला आणि रात्री पुतण्याकडून समजून घेतला, तेव्हा उलगडा झाला.

अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामांना राबवून कापूस पिकवीत आणि मँचेस्टरच्या गिरण्या मुख्यतः त्याच कापसावर चालत. १८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून तिथे यादवी पेटली आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. इकडे गिरण्या थंडावल्या. लाखो माणसे मदतीच्या अन्नावर जगू लागली. बंदरे मोकळी करवा, अशी ओरड करणारेही होतेच. तरी ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरात मोठी सभा भरली आणि तिथल्या कामगारांनी लिंकनला पत्र धाडले, की गुलामी मोडण्याच्या कामात आम्ही तुमच्या बाजूने आहोत. जानेवारी १८६३ मध्ये लिंकनने त्यांना आभाराचे उत्तर लिहिले. त्यातलेच शब्द चौथऱ्यावर कोरलेले आहेत.

आणि त्याच चार वर्षांत आपल्याकडे काय चालले होते? अमेरिकेचा कापूस बंद पडला म्हणून हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होताच. ज्वारीची वावरे मोडून लोक कपाशीकडे वळले. आपल्या कापसाला तिकडच्या बाजारात 'उमरावती' असे नाव होते. पण नाव झाले तरी मान मिळाला नाही. आखूड धाग्याचा आणि कचरा मिसळलेला हिंदी कापूस तिथल्या कामगारांना नकोसा होई. सारखा धागा तुटायचा आणि मजुरी बुडायची. हिंदी कापसाला ते सरसकट 'सुरत' म्हणत. देवा, कापूस दे, पण सुरत नको, अशी प्रार्थना तिथे केली जाई, असे सांगतात. कापसात भेसळ इतकी माजली होती की १८६३ साली मुंबई सरकारला त्याविरुद्ध कायदा करावा लागला.

१८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले आणि भाव कोसळला. मुंबईचे मोठमोठे व्यापारी बुडाले. ज्याने चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढले होते, त्या कास्तकाराचे काय झाले असेल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. रूळ, सुएझचा कालवा आणि समुद्राखालची तार, हे सारे १८७० पर्यंत जुळून आले. तिकडचा भाव इकडे चटकन कळू लागला, पण भाव ठरवणे मात्र आपल्या हाती आले नाही. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात याच वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली.

तिसऱ्या दिवशी रॉयल एक्स्चेंज पाहिले. हा मँचेस्टरचा कापडाचा आणि सुताचा बाजार. भरभराटीच्या काळात त्याचे दहा हजारांहून अधिक सभासद होते. उंच घुमटांखालचे ते भव्य दालन पाहिले आणि आपल्या बाजार समितीचे शेड आठवून मला हसू आले. १९६८ साली इथला व्यवहार कायमचा बंद पडला. १९७६ पासून त्याच दालनात नाटकगृह आहे. पण मान वर करून पाहिले, तर भिंतीवर उंच जागी जुना भावफलक अजून आहे. शेवटच्या दिवशी जे भाव लागले, तेच आकडे त्यावर आजही तसेच आहेत.

त्या फलकाखाली मी बराच वेळ बसलो. खरे सांगतो, त्याआधीच्या हंगामात भाव चढेल म्हणून मी सगळा कापूस घरात थप्पी लावून ठेवला होता. भाव उतरत गेला. शेवटी पोरीच्या फीची तारीख आली, तेव्हा मिळेल त्या दराने विकावा लागला. दोन महिने मी घरात कुणाशी धड बोललो नाही. आपण मूर्ख ठरलो, असेच वाटत होते. फलकाकडे पाहताना समजले, की दूरदेशीच्या आकड्यावर डाव लावून फसलेला मी काही पहिला नव्हे.

डार्वेन या जवळच्या गावी जायला वेळ उरला नाही. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी तिथे गिरणी कामगारांना भेटले होते. आपल्या बहिष्कारामुळे त्यांचेही काम गेले होते, तरी गिरणीतल्या बाया गांधीजींभोवती हसतमुखाने उभ्या आहेत. तो फोटो पुष्कळांनी पाहिला असेल.

घरी आलो तेव्हा वेचणी तोंडावर होती. सौभाग्यवतींना सगळी हकीकत सांगितली आणि आम्ही दोघांनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या. पाने-कवडी मिसळू न देता कोरडा आणि स्वच्छ कापूस वेचायचा. सगळा एकदम न ठेवता आणि एकदम न विकता, हमीभावाकडे लक्ष ठेवून तीन हप्त्यांत विकायचा. आणि वेचणीसाठी पोरीची शाळा एक दिवसही बुडवायची नाही.

तुमच्यापैकी कुणाचा मुलगा, मुलगी किंवा पुतण्या त्या मुलखात असेल आणि जायचा योग आला, तर रॉयल एक्स्चेंजचा तो फलक जरूर पाहून या. आत जायला पैसे पडत नाहीत. फक्त मान वर करायला विसरू नका.