मिरजेच्या बाजारात दोन दिवस

कोल्हापूरहून सुटलेली पॅसेंजर जयसिंगपूर सोडते, थोड्या वेळाने कृष्णेचा पूल लागतो आणि डब्यातली माणसे पिशव्या आवरू लागतात. त्या शनिवारी आमच्याकडे पिशव्यांऐवजी एक घडीचे स्टूल, जाड कागदांचा गठ्ठा आणि पेन्सिलींचा डबा होता. सामान ड्रॉइंग सरांचे. आम्ही तिघे शिक्षक नुसते सोबतीला.

आमच्या शाळेच्या शिपाईमामांची मुलगी मिरजेत एका रुग्णालयात दाखल होती. नववीत शिकते. पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया ठरली होती. मोठा खर्च सरकारी योजनेतून निघणार होता, तरी ३८ हजार रुपये कमी पडत होते. आमच्यात अशा वेळी काय करायचे हे ठरलेले असते : जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात रुमाल पसरायचा. आम्ही तेच सुचवले. ड्रॉइंग सरांना निवृत्त होऊन चार वर्षे झाली आहेत. ते म्हणाले, "तुम्ही खुशाल पसरा. मला हाताने काही देता येते, मी ते देऊन घेईन." दुकानदाराचे त्याच्याच दुकानात बसलेले चित्र, वीस मिनिटांत, ३०० रुपयांना. आम्हांला हे जरा हट्टाचे वाटले. एवढ्याने ३८ हजार कधी व्हायचे?

सरांनी पहिले स्टूल टाकले ते सतारमेकर गल्लीत. ज्यांनी ही गल्ली पाहिली नाही त्यांनी एकदा जरूर पाहावी. दारादारात सुकवलेले प्रचंड भोपळे टांगलेले. हे खाण्याचे भोपळे नव्हेत, कडू असतात. पंढरपूरकडच्या रानांतून येतात. ते कापून पाण्यात भिजवायचे, आतून काटक्यांचा आधार देऊन हवा तो आकार येईपर्यंत पुन्हा सुकवायचे, मग त्यांना तुनाच्या लाकडाची दांडी जोडायची. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या शिकलगार घराण्यांनी हे काम सुरू केले. त्यांचा मूळ धंदा तलवारी आणि हत्यारांना धार लावण्याचा. राज्ये गेली, तलवारी म्यानात गेल्या, तेव्हा फरीदसाहेबांनी बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता नवी घडवायला घेतली. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकनाने कारागिराच्या मुलाला गल्लीत थांबवता येईलच असे नाही, हे दुपारपर्यंत आमच्या लक्षात आले.

पहिल्या दुकानात एक म्हातारे चाचा तंबोऱ्याची जवारी घासत होते. घोडीवर तार टेकते ती जागा कानसेने इतकी बारीक घासायची की तार छेडली की आवाज भरून यावा. सरांनी सलाम करून हेतू सांगितला. चाचांनी मान वर केली नाही.

"मला काय काढता? हा तंबोरा काढा. मी आज आहे, उद्या नाही."

"तंबोराच काढतो. पण घासणारे हात लागतील की."

चाचा हसले. वीस मिनिटांचे चित्र पाऊण तास चालले, कारण मध्ये दोनदा चहा आला आणि चाचांना अब्दुल करीम खाँसाहेबांविषयी सांगायचे होते. किराणा घराण्याचे हे गवई मिरजेचेच होऊन राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांचे निधन झाले आणि त्यांना इथे आणून ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. खाँसाहेब स्वतः वाद्य दुरुस्त करण्यात तरबेज होते, हे चाचांना त्यांच्या गाण्याहून मोठे वाटत असावे, कारण ते त्यांनी तीनदा सांगितले. चित्र पाहून त्यांनी ५०० ची नोट काढली आणि सुटे परत घेतले नाहीत. वर शेजारच्या तीन दुकानांत स्वतः येऊन सांगितले, "बसा रे गप, सर चित्र काढताहेत."

सगळीकडे असे झाले नाही. लक्ष्मी मार्केटजवळ एका दुकानदाराने "रोज दहा येतात" म्हणून हात झटकला. दुसऱ्याने चित्र काढून घेतले आणि नाक नीट नाही म्हणून घेतले नाही. सरांनी ते जपून ठेवले. नाक तसेच होते.

एका कापडदुकानात मात्र वेगळाच पेच पडला. शेटजींनी सगळी हकिकत ऐकून विचारले, "मुलीचे वडील जकातीला पात्र आहेत ना? मग पाच हजार देतो." सर लगेच पेन्सिल काढू लागले. शेटजींनी त्यांचा हात धरला. "जकातीच्या बदल्यात मी काही घेतले तर ती जकात कसली? तो सौदा झाला." सर म्हणाले, चित्राशिवाय पैसे घ्यायचे नाहीत असे मी ठरवले आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर! आम्ही शिक्षक असूनही आम्हांला उत्तर सुचेना. शेवटी शेटजींनीच तोड काढली. जोहरची नमाज झाल्यावर ते आमच्याबरोबर रुग्णालयात आले आणि रक्कम थेट शिपाईमामांच्या हातात दिली. सरांनी त्या पैशाला हातही लावला नाही. मग दुकानात परत येऊन, दुसऱ्या खिशातून ३०० काढून शेटजी गादीवर ऐटीत बसले. "आता काढा. आणि टोपी सरळ दिसू द्या."

रविवारी दर्ग्याच्या वाटेवर एक चपला शिवणारे काका भेटले. उरुसात मानाचा पहिला गलेफ त्यांच्या चर्मकार समाजाचा असतो, ते अभिमानाने सांगत होते. स्वतःचे चित्र नको म्हणाले. खिशातून वडिलांचा पासपोर्ट आकाराचा, कोपरे झिजलेला फोटो काढला. "ह्यांना हितं बसवता का? माझ्या जागेवर?" सरांनी ऐरण, रापी, दोऱ्याची रिळे समोर पाहून काढली आणि चेहरा फोटोवरून. काकांनी चित्र बराच वेळ हातात धरले. मग म्हणाले, "चष्मा न्हवता त्यास्नी. पण असू दे, शेवटी लागलाच असता." पैसे द्यायला त्यांच्याकडे २०० होते. उरलेल्या शंभरात त्यांनी आमच्या चौघांच्या चपला शिवून दिल्या. त्यातली एकच तुटलेली होती.

संध्याकाळी फलाटावर हिशेब केला. चित्रे ३१, त्यातले एक परत आलेले. जकातीचे पाच हजार धरून एकूण १८ हजार ४०० रुपये. आमच्या स्टाफरूममधून १२ हजार जमले होते. ७ हजार ६०० अजून कमी होते.

"पुढच्या शनिवारी मंगळवार पेठ," सर बोटांना लागलेले शिसे रुमालाला पुसत म्हणाले.

"शस्त्रक्रिया गुरुवारी आहे, सर."

ते गप्प झाले. आम्हीही. मग आमच्यातल्या एकाने बुधवारपर्यंतची उसनवारी आपल्या अंगावर घेतली, आणि सरांनी परत आलेले ते नाकाचे चित्र त्यांच्या हातात ठेवले. "हे तारण." गाडी लागली होती. आम्ही स्टूल उचलले.