खारा पाहुणा

आमच्या साखळीला समुद्र नाही. आहे ती वाळवंटी. हणजूणचा खडकाळ किनारा घरापासून तीस-पस्तीस किलोमीटर दूर. तरीही गेल्या वर्षी सहा महिने आमच्या ओसरीवर समुद्राचा एक पाहुणा मुक्कामास होता.

त्याचे असे झाले. मे महिन्यात बडोद्याहून आलेल्या नातवाला घेऊन आम्ही उभयता हणजूणला गेलो. ओहोटीच्या वेळी खडकांतील एका डबक्यात मुठीएवढ्या दगडावर चिकटलेले तपकिरी समुद्रपुष्प त्याला दिसले. बोट जवळ नेताच ते मिटले. नातवाने हट्ट धरला, आणि आम्ही, वयाचा मान विसरून, तो दगड व दोन कॅन समुद्राचे पाणी घेऊन घरी परतलो.

समुद्रपुष्प हे फूल नव्हे, प्राणी आहे. त्याच्या पाकळ्या म्हणजे दंशपेशींनी भरलेले बाहू. तोंड आणि उत्सर्जनाचे द्वार एकच. आठवड्यातून एकदा सुंगटाचा मटाराएवढा तुकडा दिला की त्याचे भागे. पुढे आमच्या घरी श्रावण पाळला गेला. पाहुण्याला मात्र तो लागू नव्हता.

चूक झाली ती पहिल्याच महिन्यात. नातू परत गेला होता. उन्हाळ्याने पेटीतले पाणी रोज बोटभर उतरे, आणि आम्ही ते समुद्राच्या पाण्यानेच भरून काढीत असू. समुद्राच्या जिवाला समुद्राचेच पाणी, यात वावगे ते काय? पंधरा दिवसांत पाहुणा आक्रसून सुपारीएवढा झाला. म्हापशाहून हायड्रोमीटर आणून पाहिले, तर जेथे १.०२५ च्या आसपास असावे, तेथे काटा १.०३२ वर!

तेव्हा लख्ख उजेड पडला. ऊन पाणी नेते, मीठ मागेच ठेवते. पेडण्याच्या आगरवाड्याची मिठागरे लहानपणापासून पाहिलेल्या आम्ही आमच्याच ओसरीवर एक मिठागर मांडले होते! उडालेल्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्यानेच करावयाची, एवढे साधे गणित. डिस्टिल्ड वॉटर आणून, थोडे थोडे घालत, दोन दिवसांत खारेपण खाली आणले. तिसऱ्या सकाळी पाहुण्याने बाहू उघडले. बडोद्याला फोन केला तेव्हा आमचा आवाज अंमळ जड झाला होता, हे कबूल करतो.

परदेशी राहणाऱ्या वाचकांना यात स्वतःचे काही दिसल्यास आमची हरकत नाही. दूर गेलेल्या जिवाला मूळचे खारेपण हवेच. पण रोजची भर त्या त्या गावच्या गोड्या पाण्याचीच घालावी लागते.

स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून आणलेले एक समुद्रपुष्प १८८७ पर्यंत जगले. डॅलियेल १८५१ मध्येच निवर्तले; पुढे एकाने दुसऱ्याच्या हाती सोपवीत ते सांभाळले गेले. हे वाचून आम्ही धास्तावलो. आम्ही सत्तरीचे, आमच्यामागे याचे पाणी कोण बदलणार?

परत सोडावे, असे ठरले. पण पावसाळ्यात त्या खडकांवर पाय ठेवणे धोक्याचे. तोवर वीज गेली की बॅटरीवरचा हवेचा पंप लावायचा, दर आठवड्याला एक पंचमांश पाणी बदलायचे, असे चार महिने काढले. बाजारातून आणलेला जलचर कधीही समुद्रात सोडू नये. परक्या जाती व रोग त्यातून पसरतात. आमचा पाहुणा मात्र त्याच किनाऱ्याचा होता, आणि पेटीत त्याच्यासोबत दुसरे काहीही ठेवलेले नव्हते.

दिवाळीला नातू आला. ओहोटी पाहून त्यानेच तो दगड त्याच डबक्यात अलगद ठेवला. मिटलेला पाहुणा उघडेपर्यंत आम्ही तिघे उन्हात उभे होतो.

“आजोबा, पेटी आता रिकामीच ठेवायची?” परतताना त्याने विचारले.

आम्ही म्हटले, “हो. आता पाहुणे आपण व्हायचे. भेटायला आपणच यायचे.”