निराश सरदाराचे मार्क

सबमिशनच्या आठवड्यात इंजिनिअरिंगचा विद्यार्थी काय काय करतो याची यादी केली, तर ती सिलॅबसपेक्षा मोठी होईल. आम्ही फासे टाकायचो. हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर, शनिवारी रात्री नऊ वाजता, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी मधे ठेवून.

खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. मूळचा अमेरिकेतला, १९७४ सालचा. आमच्या एका सिनिअरने कुठून तरी त्याच्या जुन्या नियमपुस्तकाची झेरॉक्स पैदा केली होती. याला बोर्ड लागत नाही, कॉम्प्युटर लागत नाही. एक जण डाव चालवतो म्हणजे गोष्ट सांगत जातो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. प्रत्येक पात्राचे सहा गुण : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. तीन फासे टाकायचे, बेरीज येईल ते मार्क. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. (मॅथ्स-थ्रीमध्ये मला याच पद्धतीने मार्क मिळाले असावेत असा माझा दाट संशय आहे.)

तर मित्रहो, मला व्हायचं होतं निराश सरदार. काळं चिलखत, राजावरचा विश्वास उडालेला, कुणाशी फार बोलत नाही वगैरे. त्या वयात हे सगळं लई भारी वाटतं. पण पुस्तकात अडचण निघाली. त्यात ‘पॅलाडिन’ नावाचा धर्मवीर सरदार आहे. नुसत्या हाताच्या स्पर्शाने तो जखम बरी करतो. पण त्याने जाणूनबुजून वाईट कृत्य केलं की या खास शक्ती कायमच्या गेल्या, उरतो साधा लढवय्या. म्हणजे श्रद्धा गेली की सामर्थ्यही गेलं.

“मग माझ्या सरदाराचे मार्क कापणार काय बे?” मी विचारलं.

सिनिअर म्हणाला, “आपल्याकडचा एखादा निराश सरदार बघ, त्याचे कापले गेले का. मग सांग.”

आपल्याकडचा म्हटल्यावर मला एकच आठवला. नेताजी पालकर.

नेताजी म्हणजे शिवाजी महाराजांचा सरनोबत. लोक त्याला ‘प्रतिशिवाजी’ म्हणायचे, यावरून त्याची छाप किती असेल बघा, मी तर सरळ १८ टाकले. १६५९ साली अफजलखान पडल्यावर त्याच्या फौजेची धूळधाण करण्यात नेताजी पुढे. आणि हा माणूस आपल्या जिल्ह्यात येऊन गेलाय! पुरंदरच्या तहानंतर महाराजांना मिर्झाराजे जयसिंगाबरोबर विजापूरवर जावं लागलं. त्या मोहिमेत डिसेंबर १६६५ मध्ये मंगळवेढ्याचा किल्ला घेतला गेला, त्यात नेताजी होता. आपण मंगळवेढ्याला ज्वारीच्या हुरड्यासाठी जातो, तो भाग वेगळा.

महिन्याभरातच, जानेवारी १६६६ मध्ये, पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. नेताजी वेळेवर पोचला नाही म्हणून महाराजांनी त्याला दूर केलं, असं सभासदाची बखर सांगते. नेताजी विजापूरला गेला. तिथून थोड्याच दिवसांत जयसिंगाने त्याला मोगलांकडे ओढलं, पाच हजारी मनसब देऊन. आता हिशेब करा. पाच हजारी मनसब कुणी हात गळालेल्या माणसाला देतं काय? म्हणजे ताकद तीच, चपळाई तीच. गिऱ्हाईक बदललं.

महाराज आग्र्याहून निसटले आणि मोगलांचा नेताजीवर भरवसा राहिला नाही. बीड जिल्ह्यातल्या धारूरला त्याला कैद केलं, दिल्लीला नेलं, १६६७ मध्ये मुसलमान करून महंमद कुलीखान नाव ठेवलं आणि काबूलकडे धाडलं. १६७६ मध्ये तो परत आला. महाराजांनी त्याला शुद्ध करून घेतलं.

इथपर्यंत लिहून मी वही मिटली, कारण मला मिस्त्री आठवला.

मिस्त्री म्हणजे आमच्या रोबोट टीममधला पोरगा. मेकॅनिकलचा. त्याच्या हाताला जे होतं ते वर्कशॉपच्या जर्नलमध्ये शिकवत नाहीत. ॲल्युमिनियमची पट्टी कापली की तिची कड तो कानशीने घासून गुळगुळीत करायचा, आतल्या बाजूची पण, जी कुणालाही दिसणार नाही. मी म्हणायचो, “सोड ना बे, कोण बघतंय?” तो म्हणायचा, “वायर घासली तर?” मी कॅप्टन होतो. कॅप्टन म्हणजे टी-शर्टवर ज्याचं नाव मोठं असतं तो.

पुण्याची स्पर्धा. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडायची. रोबोटची पकड, म्हणजे वस्तू उचलणारा पंजा, मिस्त्रीने आदल्या दिवशी दुरुस्तीला घरी नेलेली. गाडी सुटली, मिस्त्री नाही. फोन लागेना. तो मागून एसटीने आला आणि दुपारी एकच्या सुमारास पोचला. पहिली फेरी संपली होती. पंज्याशिवाय आमचा रोबोट मैदानात नुसता फिरून आला होता, लग्नात आलेल्या लांबच्या काकांसारखा.

मिस्त्री पिशवी छातीशी धरून उभा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, “आता कशाला आलास? जा परत.” अजूनही काही म्हणालो, ते इथे छापता येणार नाही.

तो काही बोलला नाही. पंजा टेबलावर ठेवला आणि गेला.

दोन महिन्यांनी टपरीवर कुणीतरी बोलता बोलता सांगितलं की त्या रात्री त्याचे वडील तापाने पडले होते, आणि पॉवरलूमवरची त्यांची रात्रपाळी यानेच पहाटेपर्यंत केली होती. टॉवेलची ऑर्डर होती. मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी मिस्त्री कॉलेजमधल्याच दुसऱ्या टीममध्ये गेला. त्यांनी आम्हाला हरवलं. हरल्यावर मी त्यांचा रोबोट जवळून पाहिला. वेल्डिंग तेच, एकसारखं. भोकं अर्ध्या मिलिमीटरनेही चुकलेली नाहीत. पण पट्टीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, तर कड टोचली. त्याने ती घासली नव्हती. त्यांनी सांगितलं तेवढं त्याने केलं होतं, चोख.

तेव्हा सिनिअरला मी सांगितलं ते असं : निराश सरदाराचे मार्क एकही कापायचे नाहीत. ताकद, चपळाई, बुद्धी सगळं तसंच ठेवायचं. त्याला काम सांगितलं तर तो ते करणार, उत्तम करणार. न सांगितलेलं करणं त्याने बंद केलेलं असतं. आणि यासाठी तुमच्या शीटवर रकानाच नाही. काळं चिलखत, एकांत वगैरे आपण लावतो. माझ्या पाहण्यातला निराश सरदार चारचौघांत चहा पितो, जोकला हसतो, फक्त तुमच्या टेबलावर बसत नाही.

आणखी एक मला वाचताना टोचलं. नेताजीच्या जागी सरनोबत झाला तो प्रतापराव गुजर. त्याने बहलोलखानाला हातात सापडूनही सोडला म्हणून महाराजांनी त्यालाही कडक शब्द लिहिले, आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीला तो मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर जाऊन पडला. एक शब्द लागून निघून गेला, दुसरा शब्द लागून मेला. महाराजांच्या डोक्यावर अख्खं राज्य होतं, त्यांच्या रागाला कारण होतं. माझ्या डोक्यावर एक टी-शर्ट होता, तोही अंगात.

नेताजी परत आला तेव्हा सरनोबत हंबीरराव मोहिते होता. जुनी जागा त्याला मिळाली नाही. पण परत येता आलं, दहा वर्षांनी का होईना. आमची तर चारच वर्षं असतात, केटी धरून पाच.

गेल्या गुरुवारी मी ते शीट घेऊन मिस्त्रीच्या घरी गेलो. बाहेर चार घरांपलीकडे लूमचा खटखटाट चालू होता, त्यामुळे दोघांनाही मोठ्याने बोलावं लागत होतं आणि माफीसारखी गोष्ट ओरडून सांगताना फार विचित्र वाटतं. दोनदा सांगावी लागली. पहिल्यांदा त्याला ऐकूच गेली नाही, किंवा तसं तो म्हणाला.

मग मी शीट पुढे केलं. त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं.

“काटकपणा चौदाच?”

“फाशावर तेवढेच पडले.”

“दोन रात्रपाळ्या कर बे सलग. मग सांग चौदा का अठरा.” त्याने माझ्या खिशातलं पेन काढून १४ खोडलं आणि १८ केलं. नियमात हे बसत नाही. मी काही बोललो नाही.

“डाव किती वाजता असतो?”

“शनिवारी. नऊला.”

“मला साडेनऊ होतील.”

“थांबतो,” मी म्हणालो.